वर गोपी, खाली मी

मंगळवार, ४ मार्च
आमच्या कॉलेजातल्या आवडत्या बँडवरची डॉक्युमेंटरी अखेर आली. रविवारी दुपारी, जयनगरातच, घरापासून चालत दहा मिनिटं. तीन तिकिटं काढली: मी, लेक कावेरी, गोपी. खरं तर गोपीला कळवायचं नव्हतं. पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, येलहंक्याहून त्याचाच फोन, "माझं पण काढ रे." कॉलेजात ह्या बँडची पहिली कॅसेट त्याला मी दिली. आता 'जुना फॅन' म्हणून लोक ओळखतात ते त्याला. दाढी वाढवली की झालं. असो.

शनिवार, ८ मार्च
काळा टी-शर्ट काढून बघितला. पोटावर अडकतो. घालणारच.
कावेरीने पुन्हा तारेची गोष्ट सांगायला लावली. पोरगी एकोणीस वर्षांची झाली तरी हवीच. कॉलेजच्या मैदानावरचा कार्यक्रम, भर सोलोत गिटारची तार तुटली, गिटारवाल्या पठ्ठ्याने ती दातांत धरून बाजूला केली आणि डोळे मिटून पाच तारांवर वाजवत राहिला. हिने गिटार हातात घेतली ती ह्या गोष्टीमुळे. ही एक तरी गोष्ट माझी आहे, गोपीची नाही.

रविवार, ९ मार्च
पाहिली. त्या मैदानावरचं शूटिंग आहे त्यात! गर्दीच्या वर एक पोरगा, दोन्ही हात हवेत. गोपी. चार-पाच सेकंद, पडदाभर. थिएटरात शिट्ट्या. खाली त्याचे घोटे धरलेले दोन हात, डाव्या मनगटावर वडिलांचं सैल घड्याळ. तो मी. तोंड नाही, नुसते हात. आमचा नियम होता, तीन गाणी एकाने खांद्यावर बसायचं, मग दुसऱ्याने. पहिली पाळी त्याची.
बाहेर दिग्दर्शकाने त्याला मिठी मारली. पोरं फोटोला जमली. एकजण मला म्हणाला, "स्वल्प बाजूला, सर." कावेरीलाही गोपीकाकांबरोबर फोटो हवा होता, तोही मीच काढायचा. नुसती जळजळ झाली. राहवलं नाही, तिला सांगून टाकलं की ते हात माझे. खूश झाली. मग घरी चालत येताना मध्येच थांबली.
"अप्पा, तुम्ही खाली होता. मग तार तुटलेली दिसली कशी?"
म्हटलं, नंतर माझी पाळी आली ना.

बुधवार, १२ मार्च
पाळी आलीच नाही. इथे तरी खरं लिहावं. तिसऱ्याच गाण्यात तार तुटली, गर्दी पुढे लोटली, गोपी खाली आला, मग कोणी कोणाला उचलायची सोय राहिली नाही. त्या संध्याकाळी मला दिसली ती पुढच्याची पाठ आणि गोपीचे बूट. तार, दात, मिटलेले डोळे, सगळं परतताना बसमध्ये गोपीने सांगितलेलं. मी ते इतकी वर्षं इतक्या जणांना सांगितलं, की मला दिसायलाच लागलं.
बँड मी दिला, बघितला त्याने. अजून झोंबतं.
कावेरीने तीन दिवस गिटारला हात लावलेला नाही. परीक्षा आहे म्हणते.

शुक्रवार, १४ मार्च
गोपीचा फोन. उद्या दुपारी आणखी एक खेळ, नंतर जुन्या फॅनने स्टेजवर येऊन बोलायचं. बोलावलंय अर्थात त्याला. म्हणाला, "मी स्टेजवर नाही जात, तू जा. न्यायला येतो. त्या दिवशी तुझी पाळी राहिली होती."
मी विचारलं, बोलू काय.
"तारेचं सांग की. माझ्यापेक्षा तू छान सांगतोस."
म्हणजे मी काही बघितलं नव्हतं, हे हा विसरलेला नाही. माझ्या तोंडून ती ऐकताना कितीदा समोर बसला होता, एकदाही टोकलं नाही. आणि मला त्याच्या ह्या चांगुलपणाचाही हेवा वाटतोय. 'सरी', बरं, म्हणून फोन ठेवला.

शनिवार, १५ मार्च
टी-शर्ट नाही, साधा इस्त्रीचा शर्ट घातलाय. बोलायचं ते दोनदा मनात जुळवून पाहिलं, एकदा दातांत तार धरून, एकदा बूट आणि पाठ. पहिलंच चांगलं होतं.
कावेरी येणार नाही असं वाटलं होतं. चपला घालून दाराशी उभी आहे. परीक्षेचं विचारलं तर म्हणाली, "होईल. मी पहिल्या रांगेत बसणार अप्पा, मागून काही दिसत नाही."
खाली गोपीने दुसऱ्यांदा हॉर्न दिला. निघतो.