गार्डाचे बूट

कोल्हापूर, १९२८

आक्का, तुझ्या पायांवर धाकट्या झिलूचं डोकं.

मी दोन वेळ पोटभर जेवतो. बाबा अजून खळ्याकडं फिरकत न्हाईत काय?

इथं सिनेमा कंपनीत कॅमेऱ्याचं हँडल फिरवायला शिकलो. कंपनीच्या मास्तरांनी आम्हा शिकाऊ पोरांना एक छोटा सिनेमा करायला दिला. माझ्या सिनेमात फॉरेस्टगार्ड बूट घालून खळ्यात शिरतो आणि रास लाथाडतो, बाबांची लाथाडली तशीच. रास कोंड्याची केली. खरं भात लाथाडवंना.

मास्तर म्हणाले, "नुसते बूटच? तोंड का न्हाई दाखवलंस?"

म्हटलं, "आमच्याकडं खळ्यात पायताण घालून एकच माणूस शिरलाय."

शिमग्याला मास्तरांचा सिनेमाचा तंबू आपल्या जोयड्याला येतोय. माझा सिनेमा दाखवतील. गार्ड पुढच्या खुर्चीवर बसंल. बाबांना घेऊन जा. कुणी शिवी देऊ नका. सगळ्यांनी नुसतं त्याच्या पायांकडं बघा.

तुझा,
झिलू