त्याच घरी परत

नाना, तुमची लोखंडी पेटी अजून आईच्या पलंगाखालीच आहे. मागच्या आठवड्यात मी ती ओढून बाहेर काढली, कापडांच्या सगळ्या घड्या जमिनीवर मांडल्या, परत आत ठेवल्या आणि मग पुन्हा बाहेर काढल्या. आई पलंगावरून बघत होती. म्हणाली, "अगं, किती वेळा उपसशील? त्यात काय पिल्लं होणारेत का?" तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी मी प्रत्येक घडीत बोट घालून आत चिठ्ठी आहे ना ते बघते. चिठ्ठी हाताला लागली की बरं वाटतं, आणि दोन मिनिटांनी वाटतं, नीट वाचली का आपण?

माझी पहिली शाळा ही पेटीच. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी पाच वर्षांची होते, माझ्या छातीच्या दुखण्यामुळे मला दोन वर्षं शाळेत घातलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शिकवलीत आणि शेवटची विद्यार्थिनी घरातच मिळाली. पेन्शनच्या दिवशी तुम्ही बँकेतून थेट बाजारात जायचात आणि एकच वस्तू घेऊन यायचात. कधी टॉवेल-टोपी, कधी दोन ब्लाउजपीस, दिवाळीच्या आसपास एखादी साडी. कुणाचं लग्न, कुणाचं जावळ, कुणाची वास्तुशांत, पत्रिका आली की बाकीच्या घरांत धावपळ व्हायची. तुम्ही मात्र पलंगाखाली बोट दाखवून म्हणायचात, "आपलं तयार आहे." आपल्याला आहेरात आलेलं कापडही पेटीतच जायचं, पुढे कुणाला तरी द्यायला. त्याला एकच नियम होता. ज्या घरून आलं त्या घरी ते परत जाता कामा नये. म्हणून प्रत्येक घडीत सेफ्टी पिनेनं चिठ्ठी लावायची, हे कुणाकडून आलं त्याची. तुम्ही सांगायचात, मी लिहायची. 'निंबोल्याची आत्या.' 'लालबागचे काका.' 'मोठे मामा.' बाकीची मुलं कमळ आणि बदक गिरवत होती तेव्हा मी आपली नातीगोती गिरवत होते. "अक्षर सुबक नसलं तरी चालेल," तुम्ही म्हणायचात, "पण चिठ्ठी चुकली की माणूस दुखावतं."

आणि ती चुकली. मी नऊ वर्षांची. निंबोल्याला आत्याच्या नातवाचं जावळ आहे, केळीच्या बागेशेजारी मांडव घातलाय, बायका गोल करून बसल्यात. आई आत्याची ओटी भरते आणि साडी हातात देते. आत्या घडी मोडते, काठ उलटा करते, आणि मोठ्यानं हसते. "दादा! ही तर मीच दिलेली वहिनीला, गेल्या साली! हा फॉल माझ्या हातचा आहे, हा बघ टाका!" बायका हसायला लागतात. कुणीतरी म्हणतं, "मास्तरांची साडी माहेरी आली म्हणायची, चार दिवस राहील अन् जाईल." आत्या हसत होती, पण तिनं साडी मांडीवर ठेवली नाही, बाजूला ठेवली. तुमचे कान लाल झालेले मी बघितले. तुम्ही उठून तिच्याजवळ गेलात आणि म्हणालात, "चूक माझी गं बाई. चष्म्याचा नंबर वाढलाय. गुलाबी द्यायची होती, ही उचलली गेली." त्या महिन्याच्या पेन्शनला पेटीत काही आलं नाही. तुम्ही नवा चष्मा केलात, जाड तपकिरी काड्यांचा. आणि ती गुलाबी साडी, बारीक बुट्ट्यांची, मामांकडून आलेली, दिवाळीला तुम्ही शिंप्याकडे देऊन माझा फ्रॉक शिवून घेतलात. "आता ही कुणाला द्यायची नाही," एवढंच म्हणालात. मी तो दोनदा घातला.

आता तुमच्या पेन्शनचं निम्मं आईला येतं. दर नोव्हेंबरला तिला बँकेत हयातीचा दाखला द्यायला नेते, तेव्हा ती रिक्षातच सुरू करते, "चला, मी अजून आहे म्हणून सांगून येऊ." पण पेन्शनच्या दिवशी एक वस्तू हा तुमचा रिवाज तिनं मोडलेला नाही. मोडावा असं मला वाटतं, कारण गेल्या वर्षी तिचे खालचे सगळे दात गेले. भाकरी वरणात भिजवून, पार लगदा करून खाते. डॉक्टरनं कवळी करायला सांगितली. आई म्हणाली, "कवळी काय पळून चाललीय? यंदा धोंड्याचा महिना आहे." अधिक ज्येष्ठ. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना, जावयाला तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा द्यायचा महिना. चांदीचा भाव तर विचारूच नका. तीन वर्षं तिनं त्या दिव्यासाठी बाजूला काढलं होतं, आणि दिवा किंवा कवळी, दोन्हींपैकी एकच होणार होतं.

मी खासगी शाळेत शिकवते, नाना. पगार थोडा आहे, पण आहे. मी म्हटलं, दिव्याला मी घालते. ती ताडकन उठून बसली. "लेकीच्या पैशानं लेकीच्या नवऱ्याला वाण? तुझ्या बापाच्या पेन्शनीतूनच जाईल ते. नाहीतर जाणार नाही." मग कवळीला घालते म्हटलं, तर म्हणाली, "तुझे तुझ्या लग्नाला ठेव." झालं. दुसऱ्या दिवशी पीठ चाळताना मला म्हणते, "अनारसे कुरकुरीत झाले पाहिजेत हं, जावयाला मऊ आवडत नाहीत." जे तिला स्वतःला चावणार नाहीत ते तेहतीस अनारसे कसे व्हावेत याची तिला काळजी.

शेवटी मी खंडव्याला ताईच्या सासरी गेले. गाडीत सगळं पाठ करत होते, कसं बोलायचं, कुठून सुरुवात करायची. जावयाकडे जाऊन यंदा घेऊ नका म्हणणं म्हणजे तुमची मान खाली घालायला लावणं, हे मला कळत होतं. ताईनं ऐकलं आणि सरळ कपाट उघडलं. "वेडी आहेस का? सात दिवे आहेत माझ्याकडे, देवापुढे लागतो एकच. आईला नेऊन दे एक, नवा म्हणून सांग." मी म्हटलं, ताई, ज्या घरचं त्याच घरी? तिनं फडक्यातून एक दिवा काढला. "हा ने. पहिल्या धोंड्याचा, नानांनी दिलेला." बाहेरच्या खोलीतून दाजी ओरडले, "काय मेहुणीबाई, दिलेलं वाण परत न्यायला आलात?" मला रडूच फुटलं. तेव्हा ते घाबरून आत आले. "अहो, मजाक केला. न्या, सातही न्या. फक्त एक सांगतो, अनारसे तेहतीसच पाहिजेत. त्यात कपात चालणार नाही."

आईनं दिव्यासाठी दिलेले पैसे मी कवळीवाल्याकडे भरले. आईला सांगितलं, शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीनं कवळी स्वस्तात होतेय. एक खोटं झाकायला दुसरं. दिवा मी नव्या डबीत घातला, लाल कागदात. ते दोन आठवडे मला झोप नीट लागली नाही. दिलेलं वाण पुन्हा दिलं तर ते पोचतं का? कुणाला विचारू? तुम्हाला विचारलं असतं.

वाणाच्या आदल्या दिवशी दुपारी, बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, आई ताम्हण आणि दिवा घासायला बसली. नवा असला तरी देवाच्या कामाला घासूनच द्यायचा म्हणाली. मी दारातून बघत होते. बुडाजवळ घासताना तिचा अंगठा थांबला. तिथे एक पोचा आहे, नाना. सराफाच्या पायरीवर तुमच्या हातून पडला होता म्हणे, ही गोष्ट मला ताईनं निघताना सांगितली, आणि मी गाडीत बसल्यावर मला कळलं की ही गोष्ट आईलाही माहीत असणार. आईचा अंगठा त्या पोच्यावरून एकदा इकडे गेला, एकदा तिकडे. मग तिनं वर न बघता विचारलं, "याची चिठ्ठी कुठंय?"

"नवा आहे ना गं. दुकानातून आणला. त्याला कशाची चिठ्ठी?"

"हं," ती म्हणाली आणि पाणी ओतलं. थोड्या वेळानं म्हणाली, "जड आहे. तुझे नाना घ्यायचे तसा."

दुसऱ्या दिवशी दाजींनी ताम्हण दोन्ही हातांनी घेतलं आणि दिवा उचलून इतक्यांदा वा वा केलं की ताईला त्यांना कोपरानं ढोसावं लागलं. "आई, एवढा भारी कशाला घेतला? आजकाल असा दिवा मिळतच नाही!" आई पदर तोंडाला लावून हसत होती. नवी कवळी दिसायला नको म्हणून की दुसऱ्याच कशासाठी, मला कळलं नाही. मग ताटातला जादाचा एक अनारसा तिनं घेतला, सगळ्यांच्या देखत तोडला आणि कुरकुर आवाज करत खाल्ला. "गूळ जरा जास्त पडलाय," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं कशाला तरी नाव ठेवलं.

तेव्हापासून मी स्वस्थ नाही. ती ओळखून गप्प बसली असेल तर तिनं मला सांभाळून घेतलं, आणि ओळखलं नसेल तर मी तिला फसवलं. दोन्हींपैकी काय बरं, ते मला ठरवता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले. लिहून पेटीत ठेवावं असं मनात होतं, पण पेटी आई दर महिन्याला उघडते. माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यात राहील.

एक गोष्ट राहिली. ती गुलाबी साडी मला हवी होती, नाना. खेळताना नेसायला. ती निंबोल्याला जाणार हे मला माहीत होतं, म्हणून आदल्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी तिच्या आणि आत्याकडून आलेल्या साडीच्या चिठ्ठ्यांच्या पिना काढल्या आणि एकीची दुसरीला लावली. तुम्ही वाचलंत ते बरोबरच वाचलंत. तुमचे डोळे चांगले होते.