पियानो कोण वाजवत होतं?

हॅरो, गुरुवार, नोव्हेंबर २००२

म्हातारा काल गेला. दुपारी त्याच्या मुलीनेच फोनवर सांगितलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो लंडनच्या हॉटेलांत डान्स बँड चालवायचा. पेपरात मी लिहिणार त्या मृत्युलेखासाठी तिने चार पानं पाठवलीत आणि प्रत्येक पानावर ‘डॅडींची जादुई बोटं’ आहेतच. कुणाची बोटं?

कॉव्हेंट्रीच्या केअर होममध्ये, त्याच्या बँडमध्ये असलेल्या लॉरेन्स अंकलना फोन केला. मूळचे मडगावचे, आता नव्वदीचे. बँडवाला म्हातारा स्टेजवरच्या पांढऱ्या पियानोवर नुसता हात फिरवत हसायचा. अंकल झाडांच्या कुंड्यांमागे दुसऱ्या पियानोवर खरं वाजवायचे. रेकॉर्डवरही बोटं त्यांचीच, नाव याचं. सहा वर्षं!

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"बोललो ना गं. म्हणाला, तुझ्यासारखा काळा पुढे बसवला तर गिऱ्हाईक उठून जाईल. मेल्याला डावा हात कधी जमलाच नाही!" हसता हसता खोकले. मग हळूच म्हणाले, "माझं नाव छापशील? नातीला वाटतं, आजोबा थापा मारतात."

मग म्हाताऱ्याच्या मुलीला विचारलं. ती थंडपणे म्हणाली, "सगळ्याच बँडमध्ये तसं चालायचं." म्हणजे हिला ठाऊक होतं! तरीही चार पानं बोटं. बाप मिरवून गेला, आता ही मिरवते आहे.

अंकलचं नाव पहिल्याच परिच्छेदात घातलंय. पान उद्या बाराला छपाईला जातं. त्याआधी ती संपादकाला फोन करणार, आणि तो मला ते नाव काढायला सांगणार. मी काढणार नाही. लेख मागे घेईन.