कपाटातला तबला

गुरुवार, १२ नोव्हेंबर २०२०, ॲडम्सटाउन

तबला शाळेत ठेवू नको म्हणे! मग काय दर गुरुवारी बसमधून पाठीवर घेऊन हिंडू? आबांचं हे नेहमीचंच. पण आज त्यांचंच खरं झालं, त्याचाच जास्त राग येतोय.

कोरोनामुळे शाळेत सगळंच पुसतात. सफाईवाल्या पॅट्रिकने आठवडाभर कपाटातला माझा तबलाही सॅनिटायझरने पुसला. चांगल्या मनानेच. आज हसत म्हणाला, "ऑल क्लीन, टीचर. ग्रँड!" बघतो तर चामड्याच्या पुडीवरच्या काळ्या शाईचे पोपडे सुटलेले. त्याला काय बोलणार? मी कुठे सांगून ठेवलं होतं? पोरांना टाळ्यांवरच ठेका शिकवला.

आबांनी चाळीस वर्षं याच तबल्यावर भजनं वाजवली. ओल्या हाताने शिवू द्यायचे नाहीत. आणि आता त्याला दवाखान्याचा वास.

संध्याकाळी तबला घरी आणला, तोच गावाहून त्यांचा फोन. "वाजव रे जरा, ऐकू दे." नाही कसं म्हणू? वाजवला. नुसता भद्द आवाज. आबा म्हणाले, "तिकडे हवा दमट असेल." मी पटकन हो म्हणालो. कशाला म्हणालो? त्यांना कळलंच असणार. मला अडचणीतून सोडवायलाच तसं बोलले का?

तीनदा हात धुतले, वास जात नाही.

फोनवर बोलायला जमणार नाही. घरी पैसे पाठवताना आबांना मेसेज करतो, की तबला सॅनिटायझरने गेला, चूक माझी, मिरजेहून नवी पुडी करून पाठवा. घरखर्चाचे दीडशे, पुडीचे पन्नास. दोनशे युरो.