बिल्ल्यावरची आई

धाकट्यास ताईचा आशीर्वाद.

आई गेल्याचं तू पंधरा दिवसांनी कळवलंस, तेही दोन ओळींत. मला त्रास नको म्हणे. पत्र वाचलं, घडी घातली, कामाला लागले. अजून रडू आलेलं नाही. तब्येत बरी आहे.

इथे थाळी फेकायच्या खेळाचे नंबर घातलेले लाकडी बिल्ले कोरते. खेळणारे ते पिशवीला लटकवतात, हरले की आपला वरचा नंबर जिंकणाऱ्याला देऊन त्याचा घेतात. यंदा प्रत्येक बिल्ल्याच्या पाठीवर कोरायला एका खोट्या गावातल्या माणसाची गोष्ट हवी. कारखान्याची मालकीण म्हणाली, "बाई, एक म्हातारी रचून दे." मला कुठलं रचता येतंय? मी आईच सांगून बसले. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी, शेजारणीशी भांडून संध्याकाळी तिलाच भाजी देणारी. मालकीण हसून म्हणाली, "झकास रचलीस." मी पुढचा बिल्ला कोरायला घेतला.

आता म्हातारी मेली कशी, ती ओळ राहिलीय. मला ठाऊक नाही, आणि तिथे खोटं कोरायला हात धजत नाही.

तुझा खोकला गेला का? पोरं शाळेत जातात ना?

बिल्ले वीस तारखेला जातील. त्याआधी लिही, शेवटी जवळ कोण होतं आणि तिने माझं नाव काढलं का. काढलं नसेल तर तसंच लिही. एकोणीसपर्यंत उत्तर पाहिजे.

तुझी ताई