सरळ झालेल्या पट्ट्यांबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी साहेब,
पॉलिमर संशोधन संस्था, मुख्य इमारत.

विषय : सफाईकाम करणाऱ्या मावशींकडून चुकीची कबुली लिहून न घेण्याबाबत.
संदर्भ : काल प्रयोगशाळेच्या दारात झालेलं भांडण.
सोबत : प्लॅस्टिकची एक पट्टी. (शेवटी लिहायला विसरेन म्हणून इथेच लिहितो. पट्टी कचऱ्याच्या डब्यातली आहे, चोरलेली नाही.)

महोदय,

“मावशी, तुम्ही आमचं अख्खं वर्ष नळाखाली धरलंत, आणि वर विचारताय काय झालं म्हणून?” हे आपल्या प्रयोगशाळेतले मोठे सर काल बोलले. मी म्हटलं, “तिला नळ कुणी दाखवला?” सर म्हणाले, “हा कोण?” मी भाचा म्हणून सांगितलं. भाच्याने बाहेर थांबायचं, असं ते म्हणाले. मी बाहेरच होतो. फक्त एक पाय आत होता, तोही वॉचमनकाकांनी मागे घ्यायला लावला. त्यामुळे सांगायचं ते बरंचसं तोंडातच राहिलं, ते इथे लिहितो. आपल्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, मुद्द्याचं लिही आणि आकडे घाल. म्हणून आकडे घालतोय.

१. मी सदर मावशींचा सख्खा भाचा आहे. आपल्याकडे सगळेच तिला मावशी म्हणतात, पण ते हाक मारण्यापुरतं. काल सरांनी टाइप करून आणलेल्या कागदात ती एकदम ‘सदर सफाई कर्मचारी’ झाली. मी तिच्याकडेच राहतो. शाळा सोडली आहे, टायरच्या दुकानात कामाला आहे. शाळा का सोडली हे या अर्जात येत नाही. एका जागी बसवत नाही, एवढंच.

२. पट्ट्यांचं प्रकरण असं आहे. हे प्लॅस्टिक आपला आकार लक्षात ठेवतं. सरळ पट्टी गरम करून वाकवायची, तशीच धरून थंड करायची, की ती वाकलेली राहते. पुन्हा गरम केली की आपणहून सरळ. पुढे याची बारीक नळी करून, दुमडून, माणसाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत सोडायची आणि ती आत शरीराच्या उबेने उघडायची, असा विचार आहे. पण कपाटात पडल्या पडल्याच उघडली तर काय उपयोग? म्हणून पट्ट्या वर्षभर वाकवून ठेवायच्या आणि कुठली ढिली पडते ते बघायचं. मी मावशीचा डबा द्यायला जायचो तेव्हा तिथल्या एका ताईने हे मला समजावलं होतं. चांगलं समजावलं होतं. शाळेत असं कुणी समजावलं असतं तर, पण ते जाऊ दे.

३. प्रयोगशाळेत दोन सिंक आहेत. डावीकडच्या सिंकवर पाटी होती : ‘या सिंकमधील सर्व साहित्य गरम पाण्याने धुणे.’ खाली मोठ्या सरांची सही. मावशी ती पाटी पाळते म्हणजे पाळतेच. एकदा त्या सिंकमध्ये कुणाचं तरी मनगटी घड्याळ राहिलं होतं, तिने तेही धुतलं. परवा बाहेरून पाहुणे प्रयोगशाळा बघायला येणार होते. टेबलं मोकळी करायची धांदल उडाली होती. पट्ट्यांचा ट्रे ठेवायला जागा मिळेना, तेव्हा एका व्यक्तीने तो जरा वेळ म्हणून डाव्या सिंकमध्ये ठेवला. मी डबा घेऊन दारात उभा होतो, मी पाहिलं. त्या व्यक्तीचं नाव घेणार नाही, असा मावशीने माझ्याकडून शब्द घेतलाय. चष्मा आहे एवढंच सांगतो. चष्मा तिथे सगळ्यांनाच आहे.

आज ती पाटी जागेवर नाही. टाइल्सवर चिकटपट्टीचे चार डाग आहेत, दारातूनसुद्धा दिसतात. धुवायला मावशी नव्हती म्हणून राहिलेत.

४. मावशीने ट्रे धुतला. गरम पाणी लागलं तशा पट्ट्या एकेक करून सरळ होत गेल्या. तिला वाटलं, कुणीतरी वाकडं करून ठेवलेलं सामान आपल्या हाताने नीट झालं. तिने सगळ्या पुसल्या, ओळीने मांडल्या आणि पाहुणे गेल्यावर कौतुकाने सांगायला गेली, “बघ गं, सगळ्या सरळ करून दिल्या तुला.” ती व्यक्ती एखादी तरी वाकडी उरलीय का ते शोधायला लागली. आता सरांच्या कागदात लिहिलंय ‘निष्काळजीपणाने’, आणि त्यावर सही झाली की तिला कामावरून काढणार. साहेब, निष्काळजी माणूस पट्ट्या पुसून ओळीने लावतो का?

५. वर्ष संपल्यावर त्या पट्ट्या गरम पाण्यातच घालायच्या होत्या. हे मी काल सरांना विचारलं. ते म्हणाले, हो, पण मोजून, वेळेवर. म्हणजे मावशीने काम तेच केलं, फक्त आधी आणि न मोजता. आमच्या दुकानात याला आगाऊपणा म्हणतात आणि त्यावरून कुणाला काढत नाहीत. मला तर रोज म्हणतात.

माझं बोलणं ऐकून सरांनी रागाने हातातली पट्टी डब्यात फेकली. तीच सोबत जोडली आहे. चहावाल्याकडच्या गरम पाण्यात धरून मी ती वाकवली आणि थंड केली. आपला चहा आला की कपात बुडवा. ती हळूहळू उठून सरळ होईल. बघताना आपल्याला बरं वाटेल. मावशीला तेवढंच वाटलं होतं, त्याच्या वर काही नाही. (तो चहा नंतर पिऊ नये.)

६. ताईचं वर्ष गेलं हे मला मान्य आहे. म्हणजे त्या व्यक्तीचं. मावशी म्हणते, तिची डिग्री अडकेल, तिच्यावर नको यायला, मी कुठेही भांडी घासून पोट भरेन. पण त्या कागदावर सही केली की पुन्हा कुठली प्रयोगशाळा तिला काचेच्या सामानाला हात लावू देईल? तिला ते काम आवडतं. काचेची नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघते. घरी माझं ताट ती एवढं चमकवत नाही.

तरी विनंती की तो कागद रद्द करावा, आणि नव्या पट्ट्यांच्या राखणीला मला बसवावं. दुकान सुटल्यावर येईन, फुकट येईन. वर्षभर ट्रेसमोर बसेन, कुणाला हात लावू देणार नाही. मी एका जागी बसतो का, हे माझ्या शाळेत विचारू नये. मी हलेन, पण पट्ट्यांना हलू देणार नाही.

७. सही आज करायची आहे. मावशी चष्मा लावून वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही, अगदी दूधवाल्याच्या कार्डावरसुद्धा. म्हणून सकाळी मी तिचा चष्मा खिशात घालून इकडे आलो. तो आत्ताही माझ्या खिशात आहे. मला वाटलं होतं, आजचा दिवस तरी निघेल आणि तोवर आपण अर्ज वाचाल.

पण मी आपल्या खिडकीशी उभा राहून लिहितोय आणि इथून प्रयोगशाळेच्या पायऱ्या दिसतात. मावशी वरच्या पायरीवर आहे. सर कागद धरून उभे आहेत. ताई तिच्याशेजारी आहे. खाली बघतेय. आता तिने स्वतःचा चष्मा काढून मावशीला दिला. मावशी तो लावून बघतेय. कागद लांब धरला, जवळ धरला. दोघींचा नंबर जुळला तर संपलंच. आकडा आठ राहिला, मला आता निघायला हवं.

घाईत, पण नम्रपणे,
मावशीचा भाचा