डब्यातला हुंकार

बाबा,

आज चार वाजता तुमचा डबा स्टेजवर जायचाय. माझी नात, म्हणजे तुमची पणती, इथं नांदेडला कॉलेजच्या मैदानात गिटार वाजवणार आहे, आणि तिच्या पायाखाली तो असेल. करड्या लोखंडाचा, पायानं दाबायचा, परदेशी. डिस्टॉर्शन पेडल म्हणतात त्याला, गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं. असे आता फार उरले नाहीत म्हणे. पुण्याचे जाणते लोक तिच्याकडं फोटो मागतात.

लातूरच्या आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक ऑर्केस्ट्रावाला तो मुका झालेला डबा ठेवून गेला, तेव्हा तुम्ही घरच्या रेडिओतला जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर, तो नखाएवढा सुटा भाग, काढून त्यात बसवलात. आई कडाडली, "माझा रेडिओ मुका केलाव अन् त्या डब्याला जीभ लावलाव व्हय?" तुम्ही म्हणालात, "तू घरची. गिऱ्हाईक पाहुणं." दुकानात गिटार कुठली असणार? तुम्ही डब्याला माईक जोडून माझ्यापुढं धरलात. "मास्तर, म्हणा शाळंतली कविता." मी म्हणतो, आणि माझा कोवळा आवाज कर्ण्यातून येतो तो टराटरा फाटलेला, मोहोळ उठल्यासारखा, आणि तरी गोड. प्रत्येक कडव्याला तुम्ही डोळे मिटून म्हणता, "हं." एकदा मी ओळ गाळली. हं आलं नाही. डाक लावायच्या, सोल्डरिंगच्या इस्त्रीचा धूर तेवढा वर जात राहिला. "गाळलास न्हवं? माघारी जा." शाळेची पायरी तुम्ही चढला नव्हता, ती कविता तुम्हाला माझ्या तोंडून ऐकूनच पाठ. वैशाखात डबा तापला की त्याचा घसा बसायचा. मग तुम्ही त्याला माठाशेजारी ओल्या पोत्यावर निजवायचात. "ह्याला बी ऊन लागतंय, लेका." ऑर्केस्ट्रावाला परत आलाच नाही. डबा राहिला, तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात भर दुपारी नात वाजवत होती. तार थांबली, आणि डब्यातून आलं, "हं." ती म्हणाली, "आजोबा, तापला की ट्रान्झिस्टर लीक व्हायलाय. बदलावा लागतंय." असेल. ती बाहेर गेल्यावर मी माईक जोडला आणि तीच कविता म्हटली. कडव्याकडव्याला हं. मग मुद्दाम एक ओळ गाळली. काहीच नाही. नुसती खरखर, आणि त्या खरखरीत कुणीतरी वाट बघत असल्यासारखं. मी मागं गेलो, ओळ म्हटली. "हं." अंगावर सरसरून काटा आला, बाबा. तरी मी पुढचं कडवं म्हटलं.

नातीनं कुठून कुठून शोधून त्याच जातीचा जुना ट्रान्झिस्टर आणला. "सगळ्यांपुढं तसलं काही निघालं तर लई हसतील मला. तुम्हीच बसवा, तुम्हाला येतंय." मी "हाव, बसवतो" म्हटलं. डबा उघडला. तुमचा डाक तसाच होता, जाड, तिरका, घाईनं वळवलेल्या वेलांटीसारखा. डाकाची इस्त्री तापली, गार झाली. मी झाकण लावलं, आणि आज पहाटे डबा माठाशेजारी ओल्या पोत्यावर ठेवला. सकाळी तिनं वाजवून पाहिलं. स्वच्छ. "आजोबा, एक नंबर काम केलाव!" माझ्या पाया पडली आणि डबा घेऊन गेली.

तिनं आणलेला ट्रान्झिस्टर माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. फोन समोर आहे. डब्याखाली ओलं फडकं ठेव, एवढं तरी सांगता येईल. अंगणातली फरशी आत्ताच पायाला चटके देतेय. तिला कुणी हसू नये असं मला मनापासून वाटतं. पण चारपर्यंत ऊन उतरू नये, असंही वाटतंय.